सांगा, हात लावू नका

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हाची गोष्ट. माझ्या टीव्हीवर काहीतरी आडवंतिडवं झालं होतं आणि मी रिमोट धरून एकेक बटण दाबून पाहत होते. नील, तू उठलास, माझ्या हातातून रिमोट घेतलास, क्षणात सगळं जागेवर आणलंस आणि तो परत माझ्या हातात ठेवलास. ‘झालं आजी,’ म्हणालास. मी तुला शाबासकीही दिली. पण त्या क्षणी मला एका माणसाची आठवण झाली, आणि तुमचं विमान गेल्यावरही ती गेली नाही. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. फोनवर, दोन कामांच्या मध्ये सांगून संपतील असे ते नव्हते. म्हणून हे लिहिते आहे. राही, तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच, घाई नाही.

ते आणि मी एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायचे, ते चित्रकला. शाळा नेवासे तालुक्यात, चहूकडे ऊस. ऊस तुटला की वर्गाच्या खिडकीतून एकदम लांबवरचं दिसायला लागायचं. मुलं त्यांना ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणायची, गाव ‘मास्तर’ म्हणायचं, मी नुसतं ‘सर’ म्हणायचे. ते मला ‘बाई’ म्हणत, कारण आपल्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात. अंगानं उंच, चालताना थोडे पुढे झुकलेले. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी खडूचा तुकडा. निवृत्त झाल्यावरही तो खडू खिशात असायचाच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘पेन लोक मागून नेतात. खडू कुणी नेत नाही.’

त्यांचा वर्ग हा शाळेतला चेष्टेचा विषय होता. इतर शाळांत चित्रकलेचे शिक्षक टेबलावर पितळी तांब्या ठेवतात आणि मुलं तो पाहून काढतात. सर तांब्या बाहेर व्हरांड्यात ठेवायचे. एका मुलानं बाहेर जाऊन तो बघून यायचं आणि वर्गाला सांगायचं. बाकीच्यांनी नुसतं ऐकून काढायचं. सांगणारा म्हणायचा, ‘गोल आहे.’ सर विचारायचे, ‘कुठं गोल? भाकरीसारखा की लिंबासारखा? उजेड कुठल्या अंगाला पडलाय?’ मग तो बिचारा पुन्हा बाहेर पळायचा. तासाच्या शेवटी कुणाचा तांब्या भोपळा झालेला असायचा, कुणाचा बाजरीचं कणीस. हेडमास्तर कपाळाला हात लावायचे.

पण त्यांचा खरा हट्ट दुसरा होता. सांगणाऱ्यानं काढणाऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. आणि हा नियम सरांनाही लागू. तुमच्या आईला शाळेत एका शिक्षकांनी तिचं चित्र स्वतःच पूर्ण करून दिलं होतं आणि तिला बक्षीसही मिळालं होतं, हे ती तुम्हाला हसत सांगते. सरांच्या वर्गात ते होणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मुलांच्या कागदावर एक रेघ ओढली नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्याच वर्गात होता. चित्रकलेच्या परीक्षेआधी त्याचा घोडा काही केल्या घोडा होईना. पोरगं रडकुंडीला आलं. सर त्याच्याजवळ बसून म्हणत राहिले, ‘मान कशी दिसतेय ते मला सांग.’ पेन्सिल काही त्यांनी हातात घेतली नाही. आम्हाला स्टाफरूममध्ये हे जरा कठोरच वाटलं. मुलगा पुढे इंजिनियर झाला, पण त्या घोड्याचा राग त्यानं पुष्कळ वर्षं सांभाळला. आपल्या लग्नातसुद्धा पाहुण्यांना म्हणाला होता, ‘आमच्या बाबांनी मला एक रेघ मारून दिली नाही.’

एकदा स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर मुलांनी गाय काढली होती, आणि तिला पाच पाय होते. पाहुणे यायला तासभर उरला होता. हेडमास्तरांनी सरांना ब्रश दिला आणि पाचवा पाय मिटवायला सांगितलं. सर ब्रश घेऊन ज्या मुलीनं ती गाय काढली होती तिला शोधत गेले. ती मेकअप करून नाचाच्या रांगेत उभी होती. सरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘सर, तो गाईचा नाहीच. मागं वासरू उभं हाय, त्याचा हाय.’ सर परत आले, ब्रश हेडमास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘वासराचा आहे. राहू द्या.’ पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी ती पाच पायांची गाय त्यांच्या मागे उभी होती.

निवृत्तीनंतर त्यांचे डोळे गेले. काचबिंदू होता, आणि कळला तेव्हा उशीर झालेला होता. ते म्हणाले होते, ‘कागद लहान होत गेला, बाई. आधी समास गेले.’ त्या माणसाच्या तोंडून डोळ्यांबद्दलची तक्रार मी ऐकली ती एवढीच.

ते शनिशिंगणापूरला राहायचे. तुम्ही दोघं लहान असताना आपण तिथे गेलो होतो आणि राहीनं विचारलं होतं, की या लोकांना थंडी वाजत नाही का. त्या गावात घरांना दारं लावायची नाहीत, कुलूप घालायचं नाही, अशी जुनी रीत. आता काही घरांना दारं आली आहेत म्हणतात. सरांच्या घराला शेवटपर्यंत चौकट आणि तिच्यावर निळ्या फुलांचा पडदाच होता. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी. मी नगरहून एसटीनं घोडेगावला उतरायचे आणि भाविकांच्या जीपमध्ये बसून पुढे जायचे. शनिवार आणि अमावास्या मात्र टाळायचे, कारण त्या दिवशी जीपमध्ये माणसं मांडीवर घ्यावी लागतात.

दार नसल्यामुळे तिथे कडी वाजवायचा प्रश्न नव्हता. डोळे गेल्यावर सरांनी नवा नियम केला. येणाऱ्यानं उंबऱ्याशी थांबायचं, आणि आपण काय घातलंय ते सांगायचं. मी म्हणायचे, ‘आकाशी साडी.’ आतून आवाज यायचा, ‘कुठलं आकाश? सकाळचं की चैत्रातल्या दुपारचं?’ ठरवल्याशिवाय आत घेत नसत. शेजारी तेल, फुलं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं. ते चालवणारी बाई चाळिशीची, जिभेनं तिखट. सर तिला मालकीणबाई म्हणत. ती पडद्याशी येऊन मुद्दाम सांगायची, ‘मास्तर, मी हाय. पैठणी नेसलेय.’

‘पैठणीला तेलाचा वास येतोय,’ सर म्हणायचे.

‘मंग शनिदेवाच्या दारात काय अत्तराचा येनार व्हय?’

सरांच्या पत्नी होत्या तोवर टीव्हीचा प्रश्न नव्हता. त्या पाहायच्या आणि त्यांना सांगायच्या. सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत त्या सर्वांत वाईट सांगणाऱ्या होत्या, असं सर म्हणत. जे त्यांना पटायचं नाही ते त्या गाळून टाकायच्या. ‘काही नाही, दोघं बोलताहेत,’ एवढं म्हणून एखादं अख्खं लफडं संपवायच्या. त्या गेल्या आणि घरातला आवाजच बंद झाला. मी भेटायला गेले तेव्हा सर टीव्हीकडे पाठ करून बसलेले होते.

मुलाला काळजी वाटू लागली. तो पुण्यात, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या फ्लॅटमध्ये. बाबांनी आता आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा होता, आणि त्यात वाईट काही नव्हतं. तोवर सोबत म्हणून त्यानं भिंतीएवढा नवा स्मार्ट टीव्ही पाठवला. माणसं आली, टीव्ही भिंतीवर ठोकून गेली. तो लावायला रोज मालकीणबाईला दुकान सोडून यावं लागायचं. शेवटी मुलगा फोनवर म्हणाला, की साधा टीव्ही लावायलासुद्धा तुम्हाला शेजारीण लागते, तिथे एकटे कसे राहणार. सर म्हणाले, ‘दिवाळीला ये. तुझ्यासमोर माझ्या हातानं पिक्चर लावीन. नाही लागला तर तुझ्या गाडीत बसतो.’

मुलानं ते लगेच मान्य केलं. त्यानंतर सरांनी मला फोन केला. ‘बाई, तुमचं इंग्रजी लागतंय.’

त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. तिथे वाईट वाटलं असतं अशातला भाग नाही. ‘तिथं दार आहे,’ एवढंच ते म्हणाले. ‘दार आतून लावलं की बाहेर कोण उभं आहे ते मला कळत नाही.’

मग मी दर मंगळवारी जाऊ लागले. पहिल्याच दिवशी नियम लागू झाला. रिमोट त्यांच्या हातात. मी फक्त पडद्यावर काय आहे ते सांगायचं. माझ्या स्वभावाची तुम्हाला कल्पना आहे. माझ्या कपाटातले रुमालसुद्धा रंगानुसार असतात. दुसऱ्यानं चुकीचं बटण दाबताना नुसतं बघत बसणं मला फार जड गेलं. मी सारखी ‘नाही, नाही’ म्हणायचे. सर थांबायचे. ‘बाई, नाही म्हणू नका. काय आहे ते सांगा. नाही असं काही पडद्यावर दिसत नसतं.’

या टीव्हीत एक बोलणारा आवाज असतो. आपण ज्या चौकटीवर जाऊ तिचं नाव तो वाचून दाखवतो. न दिसणाऱ्यांसाठीच ठेवलेला असतो. पण तो सुरू करायची जागा पडद्याच्या आतल्या आतल्या पानावर, आणि तिथे जायचं तर दिसावं लागतं. मी हे समजावून सांगितल्यावर सर हसले. ‘म्हणजे माझी काठी माळ्यावर ठेवलीय,’ म्हणाले. ‘चढून काढून घ्या म्हणतात.’

आम्ही ती काढली. आवाज एका बाईचा होता, स्वच्छ, पण तुटक. आधी इंग्रजीत बोलत होती, मग आम्ही तिला हिंदीवर आणलं. मराठीवर काही आणता आलं नाही. मराठी पिक्चरची नावं ती अशी वाचायची, की सरांना दर वेळी चुकांनी भरलेल्या शुद्धलेखनाच्या वहीची आठवण व्हायची. ते तिलाही बाई म्हणू लागले. मालकीणबाई, इंग्रजीच्या बाई आणि टीव्हीतल्या बाई. मालकीणबाईला ती तिसरी मुळीच आवडत नसे. ‘मास्तर, लई बडबडतीय ती,’ असं म्हणून तिनं एकदोनदा आवाजच बंद करून टाकला. मग तो पुन्हा सुरू करायला मंगळवारपर्यंत माझी वाट पाहावी लागायची.

रिमोट गुळगुळीत होता, सगळी बटणं सारखी. मधलं महत्त्वाचं बटण बोटाला कळावं म्हणून मी दोरा बांधून पाहिला, पण तो सरकायचा. पुढच्या मंगळवारी गेले तर बटणावर मखमली टिकली चिकटवलेली. सरांच्या पत्नी रात्री तोंड धुताना कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायच्या, तशा बऱ्याच टिकल्या आरशाच्या कडेला राहिल्या होत्या. सरांनी हातानं चाचपून त्यातली एक काढली होती. ती झिजली की दुसरी.

दोन गोष्टींनी मात्र आम्हाला फार छळलं. एक म्हणजे पिक्चरवाल्या ॲपमध्ये काही पानांवर टीव्हीतल्या बाई एकदम गप्प व्हायच्या, किंवा प्रत्येक चित्राला नुसतं ‘बटण, बटण’ म्हणायच्या. ‘बाई रुसल्या,’ सर म्हणायचे, आणि ते पान पाठ करायला घ्यायचे. पाठ झालं की एखाद्या सकाळी ॲप आपलं आपण बदलायचं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. त्या दिवशी मात्र सर चिडले. ‘या घराला दार नाही,’ म्हणाले. ‘इतक्या वर्षांत माझी चप्पल कुणी इकडची तिकडे केली नाही. आणि हा कुठला कोण, लांब बसून माझ्या घरातलं सामान हलवून जातो?’

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो पडद्यावरच्या अक्षरांवर फिरून एकेक अक्षर निवडून लिहायचा. इतर वेळी बाई अक्षर वाचून दाखवायच्या, पण पासवर्ड आला की प्रत्येक अक्षराला नुसतं ‘ठिपका’ म्हणायच्या, दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. सर लिहीत होते आणि बाई म्हणत होत्या ठिपका, ठिपका, ठिपका. कुठे चुकलं ते कळायला मार्ग नाही. सरांनी रिमोट खाली ठेवला. ‘बाई, या गावात तिजोरीला कुलूप नाही. आणि हे यंत्र माझंच अक्षर माझ्यापासून लपवतंय?’

मग त्यांनी जे केलं ते शिंगणापूरच्या माणसालाच सुचेल. ते चौकटीत जाऊन उभे राहिले आणि आपला पासवर्ड गल्लीला सांगून टाकला. कुणाला हवा तर घ्या, आणि मी चुकलो तर येता-जाता सांगा, असं म्हणाले. मी पुष्कळ समजावलं, की हे असं करायचं नसतं. ‘तुम्ही नगरच्या,’ ते म्हणाले. ‘तुमच्याकडे कुलपं असतात.’ तो पासवर्ड मी इथे लिहीत नाही, कारण तो अजून तोच आहे.

गल्लीनं तो मनापासून घेतला. महिन्याभरात सरांच्या खात्यावर तेलाचं दुकान, पेढ्याचं दुकान, पलीकडची पिठाची गिरणी, सगळे आपापल्या घरी पिक्चर पाहू लागले. सरांना त्याचा अभिमान वाटायचा. ‘माझ्या ओसरीवर गल्ली बसते,’ म्हणायचे.

त्याच सुमारास चुकून एक इंग्रजी पिक्चर लागला, आणि त्यात पात्रांच्या बोलण्याच्या मधल्या जागेत एक माणूस हळू आवाजात चित्र सांगत होता. बाई खिडकीशी जाते, पडदा सरकवते, बाहेर बर्फ आहे, असं. मी मराठीत सांगू लागले आणि सर ताठ बसले. आपण वर्गात करायचो तेच काम करणारा माणूस जगात कुठेतरी आहे, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. पण पाचच मिनिटांत त्यांचं त्याच्याशी भांडण सुरू झालं. तो म्हणाला, ती उदास दिसते. सर म्हणाले, ‘उदास हे तू ठरवू नकोस. ओठ कुठे आहेत, नजर कुठे आहे ते सांग. उदास आहे का ते मी बघतो.’ नंतर त्यांनी मला प्रत्येक मराठी पिक्चरमध्ये असा सांगणारा शोधायला लावला. एकही सापडला नाही. त्यांनी खिशातला खडू काढून बोटांत फिरवला. मग म्हणाले, ‘आपल्याकडे शिकवलंच नाही ना कुणी.’

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चकल्यांचा डबा घेऊन पोहोचले तेव्हा मुलगा आलेला होता. पुण्याला नेण्यासाठी एक रिकामी सुटकेससुद्धा त्यानं बरोबर आणली होती. ती भिंतीशी उभी होती. सरांनी नवा शर्ट घातला होता, खिशात खडू. पिक्चर त्यांनी ठरवूनच ठेवला होता. नवं लग्न झालेलं असताना दोघं नवराबायको नगरच्या थिएटरात बघून आले होते, तो. मुलानं मला नम्रपणे सांगितलं, ‘बाई, आज तुम्ही काही सांगायचं नाही.’ मी चकल्या ताटलीत काढल्या आणि गप्प बसले.

सर खुर्चीत बसले आणि टिकलीवर अंगठा ठेवला. टीव्ही लागला. बाई बोलल्या. सर एकेक बटण दाबत पुढे गेले, ॲप उघडलं, बाई गप्प झाल्या तिथे त्यांनी मनात मोजून बरोबर जागी बटण दाबलं. अक्षरं जुळवली. घाई केली नाही, चुकलेही नाहीत. मुलगा पुढे झुकून बघत होता. त्याचा चेहरा मी बघत होते. पिक्चरच्या नावावर येऊन सरांनी टिकली दाबली.

काही झालं नाही. आवाज नाही, संगीत नाही, बाई नाहीत. सरांनी पुन्हा दाबलं. पडद्यावर दोन ओळींची सूचना आली होती. मी ती वाचली, मुलानंही वाचली, आणि ती मोठ्यानं वाचायचं टीव्हीतल्या बाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. सर तिसऱ्यांदा दाबून थांबले. त्यांच्या गळ्याशी नवा शर्ट ओला झाला होता. सुटकेस तिथेच उभी होती.

मुलाचा हात रिमोटकडे गेला. दयेनंच गेला, हे मला दिसत होतं. खुर्ची करकरली आणि सरांनी मान वळवली.

‘हात लावू नकोस. काय दिसतंय ते सांग.’

‘सांगितलं तर मग तुम्ही एकट्यानं लावला असं कसं होईल, बाबा?’

‘एकट्यानं लावीन असं मी म्हणालो नव्हतो. माझ्या हातानं म्हणालो होतो.’

मुलानं हात मागे घेतला. रिमोटवरच्या त्या टिकलीकडे त्याचं लक्ष तेव्हाच प्रथम गेलं असावं, कारण त्यानं आरशाकडे पाहिलं आणि पुन्हा रिमोटकडे. मग खुर्ची बापाच्या खुर्चीला लावून घेतली.

‘पडदा काळा आहे,’ तो म्हणाला. ‘मधे पांढऱ्या अक्षरात लिहिलंय, की या खात्यावर आत्ता फार लोक बघताहेत. कुणीतरी बंद केल्याशिवाय लागणार नाही.’

सर हसायला लागले. इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठले, भिंतीला हात लावत चौकटीपर्यंत गेले, पडदा बाजूला केला आणि गल्लीत आवाज दिला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा, तो आवाज. ‘कोण कोण बघतंय? जरा थांबवा. माझा पिक्चर अडकलाय.’

गल्लीत दारं असती तर हे कुणाला ऐकूही गेलं नसतं. गिरणीकडून उत्तर आलं, ‘केलं मास्तर.’ पेढ्याच्या दुकानावरून आलं, ‘आमी बी केलं.’ एकेक करून टीव्ही बंद झाले आणि गल्ली शांत होत गेली. एकच आवाज उरला, शेजारचा.

‘मालकीणबाई,’ सर म्हणाले.

‘मास्तर, सीरियल संपाया आलीय वो. तिच्या नवऱ्याला कळनारे आता. धा मिन्टं द्या.’

‘घ्या दहा मिनिटं.’

मग आम्ही तिची सीरियल संपायची वाट पाहत बसलो. चकल्या खाल्ल्या. पडदा बाजूलाच राहिला होता आणि मुलगा बाहेर गल्लीकडे पाहत होता. शेजारून संगीत चढलं आणि थांबलं. मालकीणबाई चौकटीत येऊन उभी राहिली. ‘कळलं नवऱ्याला,’ तिनं जाहीर केलं. ‘लावा आता.’

सरांनी टिकली दाबली आणि पिक्चर लागला.

सुरुवातीला नुसतं संगीत होतं. सर वाट बघत राहिले. मुलानं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘एक माणूस येतोय.’

‘कुठून? पाठमोरा आहे की समोर?’

‘समोर. लांबून. सायकल हातात धरून चालतोय. ऊन मागून आहे, म्हणून तोंड दिसत नाही अजून.’

‘हं,’ सर म्हणाले. त्यांच्या वर्गात ‘हं’ हे फार मोठं बक्षीस होतं.

सुटकेस रिकामीच परत गेली. मुलगा दर महिन्याला येऊ लागला, आणि दोघं तोच पिक्चर पुढे पाहायचे. सर एकेका दृश्यापाशी त्याला इतकं विचारायचे, की एका बैठकीत फार थोडा पुढे सरकायचा. मी एकदा म्हणाले, की अशानं हा संपायचा कधी. सर म्हणाले, ‘शेवट मला माहीत आहे. घाई कशाला?’

नील, पुढच्या वेळी माझ्या टीव्हीचं काही बिघडलं तर माझ्या शेजारी येऊन बस. रिमोट माझ्याच हातात राहू दे. मला वेळ लागेल, आणि तुला फार जड जाईल, ते मला माहीत आहे.

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. शेवटपर्यंत ते त्याच घरात होते. परवा मंगळवारी मी शिंगणापूरला गेले. घर तसंच आहे. मुलानं काही हलवलेलं नाही आणि खातंही चालू ठेवलंय. चौकटीवर तोच निळ्या फुलांचा पडदा. आत कोणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी पाय उंबऱ्याशी थांबले आणि तोंडातून निघून गेलं, ‘आकाशी साडी.’

शेजारच्या दुकानातून आवाज आला, ‘कोन्तं आकाश?’

‘सकाळचं,’ मी म्हणाले.

‘मंग या आत.’

मालकीणबाई पदराला हात पुसत आली. रोज संध्याकाळी ती तिथे येऊन केर काढते, दिवा लावते आणि घटकाभर टीव्ही लावते. तिनं तो मला लावून दाखवला. टीव्हीतल्या बाई बोलू लागल्या. मी म्हटलं, तुला तर त्यांची बडबड सहन होत नव्हती. ‘बोलू द्या की,’ ती म्हणाली. ‘घरात दुसरं कोन हाय बोलाया?’

कोण पाहतंय, असं विचारणारं पान आलं. त्यावर दोन नावं आहेत. एक ‘मास्तर’, दुसरं ‘गल्ली’. मास्तरांच्या नावावर गेलं की पहिल्याच चौकटीत तो पिक्चर आहे. खाली किती पाहून झालं ते दाखवणारी तांबडी रेघ, तीन हिस्से भरलेली आणि एक हिस्सा रिकामी. मी विचारलं, पुढचा कुणी पाहिला नाही का.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्यांची रेघ हाय ती. आमी हात लावत न्हाई.’